बॅटरी नवी, तरी सेल्फ ओढत नाही: जुन्या ट्रॅक्टर-इंजिनांतील खराब अर्थ शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची पद्धत

चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर, जड आवाज करत अर्धा फेरा मारतो आणि थांबतो, किंवा नुसती 'टक-टक' ऐकू येते, ही जुन्या ट्रॅक्टरची नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी बॅटरी चार्जिंगला जाते, मग नवी बॅटरी येते, तिनेही भागले नाही तर सेल्फ उतरवून आर्मेचर आणि कार्बन या त्याच्या आतल्या भागांवर खर्च होतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून गिअरबॉक्सच्या बोल्टापर्यंत गेलेली हातभर केबल, म्हणजेच करंट बॅटरीकडे परत आणणारा 'अर्थ', मात्र सगळ्यात शेवटी, तीही नशिबाने, पाहिली जाते. वास्तविक ती सर्वांत आधी तपासावी, कारण ती तपासायला साधा मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो, आणि तिचा दोष सापडला तर हजारो रुपयांचे सुटे भाग विनाकारण बदलण्याची वेळ येत नाही.

येथे सांगितलेली पद्धत मुख्यतः १२ व्होल्टच्या, निगेटिव्ह अर्थ असलेल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरसाठी आहे. डिझेल जनरेटर, जीप, जुने ट्रक, मळणीयंत्राचे इंजिन यांनाही ती तशीच लागू पडते. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

करंट परत कोणत्या वाटेने येतो

सेल्फला लागणारा करंट बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून जाड केबलने सोलेनॉइडपर्यंत (चावीने चालणारा सेल्फचा जड स्विच) आणि तेथून सेल्फच्या आत जातो, हे सर्वांना ठाऊक असते. पण तो तेवढाच्या तेवढा करंट परतही यावा लागतो. परतीच्या वाटेत सेल्फची बॉडी, सेल्फ जिथे बसतो ती बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाची) फ्लँज, इंजिन किंवा गिअरबॉक्सचे बीड (ओतीव लोखंड), अर्थ केबलचा बोल्ट, थिंबल (केबलच्या टोकाची भोकाची धातूची टोपी), खुद्द केबल, दुसऱ्या टोकाचा क्लँप आणि शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह पोस्ट इतके टप्पे आहेत. यातला कोणताही एक सांधा गंजला, सैल झाला किंवा त्याच्यामध्ये रंगाचा थर आला, तर बॅटरी कितीही चांगली असली तरी सेल्फपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोचत नाही.

दोष किती लहान असून किती नुकसान करतो, हे आकड्यांत पाहावे. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण २०० अँपिअर ओढतो असे धरू. अर्थच्या सांध्यात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला, तर २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि त्या एका बोल्टाखाली ४०० वॉट उष्णता तयार होते. त्याच सांध्यातून हेडलाइटचा १० अँपिअर करंट गेला तर जेमतेम ०.१ व्होल्ट कमी होतात आणि दिवा पूर्वीइतकाच उजेड देतो. म्हणूनच 'लाइट झकास लागते, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे' हे अनुमान चुकीचे ठरते. हलक्या भाराला चालणारा सांधा जड भाराला चालेलच असे नाही.

मल्टिमीटर ओहमवर लावून केबल तपासण्याची पद्धतही याच कारणाने निरुपयोगी आहे. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो, त्यात ०.०१ ओहम दिसणार कसा? केबलच्या शंभर तारांपैकी नव्व्याण्णव तुटल्या असल्या तरी उरलेल्या एका तारेवर मीटरचा बझर व्यवस्थित वाजतो. अर्थ तपासायचा तो सेल्फ फिरत असताना, भाराखाली, आणि व्होल्टमध्ये मोजायचा. या लेखातील बाकी सगळे काम या एका गोष्टीवर उभे आहे.

संशय कधी घ्यावा

सेल्फ संथ फिरणे आणि सोलेनॉइड टकटकणे ही ठळक लक्षणे आहेत, पण ती एकटी नसतात. सेल्फ मारल्यावर बॅटरीचा क्लँप किंवा अर्थचा बोल्ट हाताला गरम लागणे हे फार भरवशाचे लक्षण आहे, कारण चांगल्या सांध्याला गरम होण्याचे कारणच नसते. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा सरकणे, इंडिकेटर दिला की त्याच्याबरोबर मागचा दिवाही मिणमिणणे, हॉर्न दाबला की मीटरचे सगळे काटे एकदम हलणे, ही डॅशबोर्डच्या किंवा दिव्यांच्या बारीक अर्थ वायरीची लक्षणे आहेत.

रबर माउंटिंगवर बसवलेल्या इंजिनांत, म्हणजे जीप, ट्रक आणि बहुतेक जनरेटरमध्ये, आणखी एक गंभीर प्रकार घडतो. रबर करंट नेत नाही, म्हणून इंजिन आणि चॅसी यांच्यामध्ये स्वतंत्र तांब्याची विणलेली पट्टी जोडलेली असते. ती तुटली की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो: कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी क्लचच्या केबलमधून, कधी डिझेलच्या लोखंडी नळीतून. ॲक्सिलरेटरची केबल वरचेवर जळत किंवा अडकत असेल, तिच्या प्लॅस्टिकला वितळल्यासारखे झाले असेल, तर नवी केबल टाकण्याआधी ही पट्टी पाहावी. करंट बेअरिंगमधून वाट काढू लागला तर बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि कडीवर बारीक खड्डे पडतात, आणि तो खर्च केबलच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

जुन्या पद्धतीचा डायनमो (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि वेगळा कटआउट (त्या चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारी पेटी) असलेल्या यंत्रांत कटआउटच्या पेटीचा अर्थ खराब झाला की त्याला व्होल्टेजचा अंदाज येत नाही आणि बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊ लागते. बॅटरीचे पाणी लवकर संपणे, झाकणांभोवती ॲसिडचा ओलावा राहणे, बल्ब वरचेवर उडणे या तक्रारी असतील तर कटआउट बदलण्याआधी त्याच्या पेटीखालचा स्क्रू खरडून साफ करून पाहावा.

थंडीतही हा दोष उघडा पडतो. निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान एक आकडी होते, इंजिनाचे ऑइल घट्ट होते, सेल्फला जास्त करंट लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद कमी झालेली असते. पावसाळ्यात कसाबसा तग धरलेला सांधा अशा पहाटे हात टेकतो.

काम सुरू करण्याआधी

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून विडी-काडी दूर ठेवावी, बॅटरी नुकतीच चार्जरवरून काढली असेल तर तिला मोकळ्या हवेत थोडा वेळ राहू द्यावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. पॉझिटिव्ह आणि चॅसीच्या मध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होते.

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (अवजारे फिरवणारा शाफ्ट) सुटलेला आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेले असावेत. चाचणीत सेल्फ फिरवायचा आहे, पण इंजिन सुरू होऊ द्यायचे नाही. त्यासाठी इंजिन बंद करण्याचा स्टॉप नॉब पूर्ण ओढून ठेवावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांमध्ये दोन मिनिटे थांबावे. चावीवर एक माणूस सीटवर बसलेला आणि मीटरवर दुसरा, अशी दोघांची जोडी लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सेल्फ घेत नसला की जमिनीवर, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढे उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून इंजिन सुरू करण्याची सवय अनेकांना आहे. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये असला तर तो सुरू होताक्षणी चालू लागतो आणि उभ्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. माणसे यात गेली आहेत. दोष शोधायला या युक्तीची मुळीच गरज नाही.

पहिली पायरी: बॅटरी खरोखर चार्ज आहे ना

बॅटरी अर्धवट चार्ज असेल तर पुढचे सगळे आकडे फसवतात. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्राच्या बॅटरीवर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जवळजवळ उतरलेली. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्यावी.

मग मीटरच्या दोन्ही टोकांना बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर, क्लँपवर नव्हे, टेकवून सेल्फ मारावा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीच कमजोर आहे किंवा सेल्फ आतून अडकला आहे. उलट सेल्फ संथ फिरत असूनही बॅटरीवर ११ व्होल्टच्या आसपास टिकून राहिले, तर बॅटरी द्यायला तयार आहे पण वाटेत कोणीतरी अडवते आहे, हे जवळपास नक्की झाले. आकडा अधलामधला आला तरी थांबू नये. पुढची मोजणी उत्तर देते.

दुसरी पायरी: परतीच्या वाटेत किती व्होल्ट हरवतात

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टच्या मध्यावर आणि लाल वायर सेल्फच्या बॉडीवर, रंग खरडलेल्या जागी, दाबून धरावी. सेल्फ बंद असताना आकडा शून्य असेल. आता साथीदाराला सेल्फ मारायला सांगावे आणि फिरत असताना आकडा वाचावा.

०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत आकडा आला तर अर्थची बाजू चांगली आहे. ०.५ च्या पुढे गेला तर दुरुस्ती लागणारच. १ व्होल्टच्या पुढे असेल तर सेल्फ आणि बॅटरीला दोष देण्याचे सध्या काही कारण नाही. आकडा जवळजवळ बॅटरीइतका, म्हणजे दहा-बारा व्होल्ट दिसला आणि सेल्फ हललाच नाही, तर अर्थची वाट पूर्ण तुटली आहे.

तशीच मोजणी पॉझिटिव्हच्या बाजूनेही करावी: लाल वायर पॉझिटिव्ह पोस्टवर, काळी सेल्फच्या जाड बोल्टावर. इथे सोलेनॉइडचे काँटॅक्ट मध्ये येत असल्याने ०.५ पर्यंत चालते. ही दुसरी मोजणी टाळू नये, कारण काही यंत्रांत दोन्ही बाजू थोड्या थोड्या खराब असतात आणि एकच बाजू सुधारल्यावर काम अर्धवट राहते.

तिसरी पायरी: सांधा सांधा वेगळा मोजणे

एकूण घट कळली की ती कोणत्या सांध्यात आहे हे शोधायचे. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर आणावा आणि एकेका टप्प्याच्या दोन्ही बाजूंना टोके लावून दर वेळी सेल्फ मारावा. पोस्ट आणि क्लँप, क्लँप आणि दुसऱ्या टोकाचे थिंबल, थिंबल आणि त्याच्या शेजारचे खरडलेले बीड, आणि ते बीड आणि सेल्फची बॉडी. प्रत्येक सांध्याला ०.१ व्होल्टपेक्षा कमी घट असावी.

उदाहरण म्हणून एका तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचे आकडे घेऊ, ज्याचा सेल्फ १८० अँपिअर ओढतो आहे. सेल्फ फिरताना बॅटरीच्या पोस्टवर १०.८ व्होल्ट आहेत, पण सेल्फच्या जाड बोल्टापासून त्याच्या बॉडीपर्यंत फक्त ८.४ व्होल्ट मिळतात. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेत गेले. पॉझिटिव्हच्या बाजूला ०.३ सापडतात, ते ठीक आहे. अर्थच्या बाजूला २.१ आहेत. आता तुकडे करू: पोस्ट ते क्लँप ०.०५, केबलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.४, थिंबल ते गिअरबॉक्सचे बीड १.५, आणि गिअरबॉक्स ते सेल्फची बॉडी ०.१५. बेरीज २.१ जुळते, म्हणजे मोजणी बरोबर आहे.

या आकड्यांतून तीन गोष्टी वाचता येतात. मुख्य गुन्हेगार थिंबलाखालचा बोल्ट आहे, तिथे १.५ गुणिले १८० म्हणजे २७० वॉट उष्णता तयार होते, आणि सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर तो बोल्ट हाताला चटका देईल. दुसरे, केबलही निर्दोष नाही. ३५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या एक मीटर केबलचा रोध सुमारे ०.५ मिलिओहम असतो. ६० सेंटिमीटर केबलमध्ये १८० अँपिअरला ०.०५ व्होल्टच्या आसपास घट व्हायला हवी होती, ती आठपट झाली आहे, म्हणजे प्लॅस्टिकच्या आत तारा काळ्या पडल्या आहेत. तिसरे, सेल्फच्या फ्लँजवर थोडा गंज किंवा रंग आहे. तो आज अडवत नाही, पण सेल्फ कधी उतरवला तर साफ करावा. नुसता बोल्ट साफ करून इथे काम भागले असते, पण पुढच्या थंडीत तीच तक्रार परत आली असती.

बॅटरीचा कटऑफ स्विच अर्थच्या केबलमध्ये बसवला असेल, जसा बऱ्याच जनरेटरवर असतो, तर त्याच्या दोन बोल्टांमधली घटही याच पद्धतीने मोजावी. वर्षानुवर्षे वापरलेल्या स्विचचे आतले काँटॅक्ट जळालेले असतात आणि बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो.

मीटर नसेल, किंवा रानात उभ्या यंत्रावर लगेच निर्णय हवा असेल, तर जंपर केबलची चाचणी करावी. एक चांगली जाड जंपर केबल आधी इंजिनाच्या रंग नसलेल्या भागाला पकडवावी आणि दुसरे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला लावावे, मग सेल्फ मारावा. संथ सेल्फ एकदम जोरात फिरला तर अर्थ खराब आहे, यात शंका उरत नाही. फरक पडला नाही तर मात्र अर्थ चांगला आहे असे लगेच म्हणू नये, कारण स्वस्त जंपर केबलींचे चिमटे स्वतःच करंट नीट नेत नाहीत.

दुरुस्ती

केबल सोडताना आधी अर्थची बाजू सोडावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. अर्थ सुटला की पाना चुकून चॅसीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

पोस्टवर पांढरी किंवा निळी-हिरवी बुरशीसारखी साय असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून ती धुवावी. फेस येणे थांबले की ॲसिड संपले असे समजावे. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. तिथे गेले तर आतले ॲसिड निकामी होते. नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे आणि पोस्ट व क्लँपचा आतला भाग पॉलिश पेपरने शिसे चकाकेपर्यंत घासावा. शिशावरचा करडा थरही घासून काढायचा असतो. तो स्वच्छ दिसतो, पण करंटला अडवतो.

क्लँप पोस्टला सैल होत असेल तर मध्ये खिळा किंवा पत्र्याची पट्टी ठोकण्याचा रिवाज सोडावा. खिळ्याला जेवढी जागा टेकते तेवढ्यातूनच करंट जातो, आणि हातोडीच्या ठोक्यांनी पोस्टचा आतला जोड सैल होऊन चांगली बॅटरी वाया जाते. नवा क्लँप घ्यावा. पॉझिटिव्हचा पोस्ट निगेटिव्हपेक्षा थोडा जाड असतो, म्हणून क्लँपही त्या त्या बाजूचाच असावा.

आता अर्थच्या बोल्टाची जागा. बोल्ट पूर्ण काढावा, थिंबल जितक्या जागेला टेकते त्याहून थोड्या मोठ्या गोलावरचा रंग, गंज आणि ग्रीस कानशीने किंवा तारेच्या ब्रशने काढून पांढरे बीड उघडे करावे. बोल्टाच्या आट्यांवर भरवसा ठेवू नये. करंट जायला हवा तो थिंबलाच्या सपाट तळातून बिडात. म्हणून थिंबल आणि बीड यांच्यामध्ये कोणताही वॉशर घालू नये, स्प्रिंग वॉशर आणि साधा वॉशर दोन्ही थिंबलाच्या वर यावेत. दसऱ्याआधी किंवा विक्रीआधी रंगवून घेतलेल्या ट्रॅक्टरवर ही जागा हमखास रंगाखाली गेलेली असते. रंगारी बोल्ट सोडत नाही, फवाऱ्याने सगळे एकसारखे रंगवतो, आणि पुढच्या वेळी कोणी थिंबल सोडून परत बसवले की ते रंगावर बसते.

केबल बदलायची असेल तर शुद्ध तांब्याची, बारीक तारांची वेल्डिंग केबल चांगली. छोट्या ट्रॅक्टरला ३५ चौरस मिलिमीटर चालते, मोठ्या इंजिनांना किंवा लांब अंतराला ५० किंवा ७० घ्यावी. बाजारात दिसायला तशीच, पण ॲल्युमिनियमची केबलही मिळते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो आणि त्याचे सांधे लवकर बिघडतात, म्हणून घेण्याआधी टोक कापून आणि तार खरडून रंग पाहावा. अर्थची केबल पॉझिटिव्हच्या केबलपेक्षा बारीक असण्याचे काहीही कारण नाही, कारण दोघींतून तोच करंट जातो.

थिंबल हायड्रॉलिक हत्याराने दाबून घ्यावे. मोठ्या शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत ते असते. हातोडीने ठोकलेले थिंबल काही महिन्यांत सैल होते. नुसते शिसे ओतून जोडलेल्या थिंबलात शिसे तारांमध्ये वर चढते, तिथे केबल कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्याच रेषेवर तुटते. दाबलेल्या थिंबलावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली की पाणी आत शिरत नाही.

शक्य असेल तर अर्थची केबल बॅटरीपासून थेट सेल्फच्या बोल्टाला किंवा त्याच्या शेजारी बेल हाउसिंगला न्यावी. बॅटरीच्या पेटीच्या पत्र्याला जोडलेला अर्थ हा मला जुन्या यंत्रांतला सर्वांत वाईट जुगाड वाटतो, कारण पेटीचा पत्रा, त्याचा अँगल आणि अँगलचे बोल्ट असे तीन गंजके सांधे त्यात फुकट वाढतात. जनरेटरमध्ये बॅटरी बेस फ्रेमवर आणि इंजिन रबरावर असते, तिथे तर केबल इंजिनालाच हवी. फ्रेमला वेगळी पट्टी जोडावी.

बोल्ट घट्ट केल्यावर, आधी नव्हे, सांध्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा किंवा ग्रीसचा थर द्यावा. त्याने हवा आणि ओलावा दूर राहतो. खताची पोती वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर युरियाची धूळ ओलावा खेचून धरते, द्राक्षबागेत फवारणीच्या ट्रॅक्टरवर बोर्डोसारख्या मिश्रणातले मोरचुदाचे कण लोखंडाला खातात, आणि कोकणच्या किनाऱ्यावर खारा वारा बारा महिने असतोच. अशा ठिकाणी हा थर दर सहा महिन्यांनी पुसून नवा द्यावा.

शेवटी दुसऱ्या पायरीतली मोजणी पुन्हा करावी. आकडा ०.३ च्या आत आला तरच काम झाले. मग इंजिन सुरू करून, हेडलाइट लावून, मध्यम वेगावर निगेटिव्ह पोस्ट ते अल्टरनेटरची (डायनमोच्या जागी आलेल्या चार्जिंग यंत्राची) बॉडी एवढी घट मोजावी; ती ०.२ च्या आत असावी, आणि बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत.

बारीक अर्थ

तापमानाचा सेन्सर आपल्या आट्यांतूनच अर्थ घेतो. पाणी गळते म्हणून त्याला जाड टेफ्लॉन टेप गुंडाळला की काटा कमी तापमान दाखवू लागतो, आणि इंजिन तापले तरी चालकाला कळत नाही. आट्यांवर टेप लावायचाच असेल तर अगदी थोडा लावावा आणि नंतर सेन्सरची बॉडी ते इंजिन अशी घट मोजून पाहावी. डॅशबोर्डसाठी चॅसीच्या रंग नसलेल्या जागेपासून २.५ चौरस मिलिमीटरची एक स्वतंत्र वायर ओढली की काटे नाचण्याच्या बहुतेक तक्रारी थांबतात.

जिथे थांबून विचार करावा

जुन्या ब्रिटिश यंत्रांत, उदाहरणार्थ जुन्या फर्ग्युसन आणि फोर्डसन ट्रॅक्टरांत, पॉझिटिव्ह अर्थ असतो. कोणत्या पोस्टची केबल चॅसीला गेली आहे हे पाहूनच बॅटरी जोडावी. मोजणीची पद्धत तीच, फक्त टोके उलटी. आणि सोडताना आधी पॉझिटिव्ह सोडायचे, कारण इथे तोच अर्थ आहे. अशा यंत्रावर नंतर कोणी अल्टरनेटर बसवला असेल तर बॅटरी उलटी जोडताच त्याचे डायोड जळतात. काही बोटींच्या इंजिनांत सेल्फचे दोन्ही टोक बॉडीपासून वेगळे ठेवलेले असतात. तिथे इंजिनाला मुद्दाम अर्थ जोडू नये.

ट्रॅक्टरवर किंवा त्याला जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीचा अर्थ आणि शक्य असल्यास अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडाव्यात, आणि वेल्डिंग मशीनचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावावा. तो लांब लावला तर वेल्डिंगचा करंट बेअरिंग आणि बारीक अर्थ वायरींमधून परत जातो. ट्रॉली सोडून वेल्डिंग केली तर सगळ्यात उत्तम.

ट्रॉलीचे दिवे

ऊस हंगामात रात्री रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना बहुतेक वेळा अर्थची स्वतंत्र वायर नसतेच. करंट ट्रॉलीच्या सांगाड्यातून, जोडणीच्या पिनमधून ट्रॅक्टरच्या हुकात परत येतो. पिनला गंज, ग्रीस आणि माती असते, ट्रॉली खड्ड्यात आदळली की पिन उचलली जाते आणि दिवा जातो, मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारात उसाची मोळी दिसत नाही. उपाय फार स्वस्त आहे: ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्याच्या बॉडीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची एक वेगळी अर्थ वायर ओढावी आणि सॉकेटमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र पिन ठेवावी. वायर टाकल्यावर ट्रॉली जोडलेली असताना दिवे लावून सॉकेटचा अर्थ आणि दिव्याची बॉडी यांच्यामध्ये मीटर धरावा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल, ट्रॉली हलवली तरी तो बदलत नसेल, आणि जोडणीची पिन काढून घेतल्यावरही दिवा तसाच जळत राहिला, तर करंट आता वायरीनेच परत येतो आहे.